त्वचेची बायोप्सी आणि कर्करोगाची पहिली पावलं: स्लाइडवर नेमकं काय दिसतं?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीळ किंवा चट्टा डोळ्यांना दिसतोच आहे. मग तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची गरज काय?

डोळ्यांना दिसतो तो फक्त वरचा पापुद्रा. त्वचेचे बहुतेक कर्करोग सुरू होतात ते बाह्यत्वचेत, आणि ही बाह्यत्वचा शरीरावर बहुतेक ठिकाणी जेमतेम वहीच्या कागदाइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तेवढ्या जाडीत पेशी कशा रचल्या आहेत हे बाहेरून कळत नाही. डर्मोस्कोप या खास भिंगातून दहापट मोठं दिसतं, त्याने संशय वाढतो किंवा कमी होतो. निदान मात्र स्लाइडवरच होतं.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. साठीतल्या माणसाच्या गालावर काळी, खडबडीत पुळी आहे. ती सेबोऱ्हिक केराटोसिस असू शकते, म्हणजे वयाबरोबर येणारी निरुपद्रवी वाढ. ती बेसल सेल कार्सिनोमा असू शकते, कारण भारतीय त्वचेत हा कर्करोग बऱ्याचदा काळाच दिसतो. क्वचित ती मेलानोमाही असते, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग. तिन्ही दिसायला जवळपास सारख्या आणि तिघींचे उपचार पूर्ण वेगळे.

म्हणून प्रत्येक तीळ कापायचा असं नाही. आकार, रंग किंवा कडा बदलत असलेला, आपोआप रक्त येणारा, अंगावरच्या बाकी तिळांत न शोभणारा, किंवा सहा आठवड्यांतही न भरणारा व्रण असेल तर तुकडा घ्यावा.

तुकडा कसा काढतात? फार दुखतं का?

लिग्नोकेनच्या, म्हणजे भुलीच्या, इंजेक्शनची काही सेकंद आग होते, नंतर दुखत नाही, फक्त दाब जाणवतो. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. पंच बायोप्सीत पेन्सिलीसारखं गोल पातं फिरवून ३ किंवा ४ मिलिमीटर व्यासाचा, खाली चरबीपर्यंत जाणारा तुकडा काढतात आणि एक-दोन टाके घालतात. टाके चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांत काढतात, पायावरचे बारा-चौदा दिवस ठेवावे लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

मेलानोमाचा संशय असेल तर मात्र शक्यतो पंच नको. अख्खा तीळ, भोवतीची १ ते ३ मिलिमीटर चांगली त्वचा आणि खालची थोडी चरबी असा एकसंध काढणं बरं. त्याचं कारण पुढे येईलच: मेलानोमा ओळखताना तिळाच्या दोन्ही कडा आणि तळ एका नजरेत दिसावे लागतात. तळव्यावर किंवा चेहऱ्यावर डाग मोठा असेल तर तसं करता येत नाही, मग सर्वांत जाड किंवा सर्वांत गडद जागेचा पंच घेतात, कधी दोन ठिकाणांहून.

जखम मोठी आहे. मधोमध घाण साचली आहे, तिथूनच तुकडा घ्यायचा ना?

नाही. बायोप्सी वाया जाण्याचं हे फार मोठं कारण आहे. व्रणाच्या मध्यभागी मेलेल्या पेशी, पू आणि तंतुमय थर असतो. तिथला तुकडा आला की रिपोर्टमध्ये एवढंच लिहिता येतं: ‘नेक्रोसिस व दाह, पुन्हा तुकडा पाठवावा.’ तुकडा कडेचा हवा, जिथे जखम आणि दिसायला चांगली त्वचा एकमेकांना भेटतात. कड कुठे उंचावलेली, कडक झालेली असेल तर तीच जागा. आणि तो खोल हवा. वरवर खरवडलेल्या तुकड्यात पेशी बिघडल्या आहेत हे कळतं, पण त्या खाली उतरल्या आहेत की नाही हे कळत नाही. उपचार तर सगळे त्यावरच ठरतात.

नखातल्या काळ्या पट्ट्याचंही असंच आहे. पट्टा दिसतो नखात, पण तयार होतो नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली. नुसता नखाचा तुकडा कापून पाठवला तर बहुतेक वेळा काही सांगता येत नाही.

बाटली आमच्याच हातात देतात आणि लॅबमध्ये पोचवायला सांगतात. काय जपायचं?

बाटलीतला द्रव १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन आहे ना, हे विचारून घ्या. तो तुकड्याच्या किमान दहापट हवा, वीसपट असेल तर उत्तम. फॉर्मॅलिन पेशी जशा आहेत तशा गोठवून ठेवतं आणि ढोबळमानाने तासाला १ मिलिमीटर आत शिरतं. द्रव कमी पडला की तुकड्याचं पोट कच्चं राहतं आणि सडायला लागतं.

सलाइनच्या बोळ्यात गुंडाळून ठेवलेला तुकडा काही तासांत खराब होतो. स्पिरिटमध्ये तो आकसतो. फ्रीजरमध्ये ठेवला तर पेशींत बर्फाचे कण होतात आणि स्लाइडवर भोकंच भोकं दिसतात. बाटली घरी नेऊन सोमवारी देऊ म्हटलं तर हरकत नाही, पण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला हवा आणि झाकण घट्ट. सांडलं तर पाणी घालून पातळी भरू नका, दवाखान्यातून परत भरून घ्या.

नाव, वय, शरीराची जागा, डावी-उजवी बाजू हे बाटलीच्या अंगावर लिहिलेलं हवं, झाकणावर नाही. टेबलावर दोन बाटल्या उघडल्या की झाकणं बदलतात. आणि सोबतचा कागद कोरा जाऊ देऊ नका. ‘स्किन बायोप्सी’ एवढे दोन शब्द लिहिलेल्या कागदावर नीट निदान होत नाही. डाग किती दिवसांपासून आहे, किती मोठा आहे, कशाने वाढला, आधी जाळला किंवा कापला होता का, हे सगळं पॅथॉलॉजिस्टला हवं असतं.

लॅबमध्ये इतके दिवस का लागतात?

फॉर्मॅलिनमध्ये मुरायला सहा ते चोवीस तास. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, झायलीनमधून अल्कोहोल काढायचं आणि साठेक अंशांच्या वितळलेल्या मेणात तुकडा भिजवायचा. तो मेणात उभा बसवणं हे हातच्या कौशल्याचं काम आहे. आडवा बसला तर बाह्यत्वचा तिरकी कापली जाते, आहे त्यापेक्षा जाड दिसते, आणि चांगली त्वचाही बिघडल्यासारखी वाटते. मग मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉनचे काप आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग: केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. साधा रिपोर्ट तीन ते पाच दिवसांत येतो, विशेष रंग लागले तर आणखी काही दिवस.

निरोगी त्वचा स्लाइडवर कशी दिसते?

आधी ती डोळ्यांसमोर यायला हवी, नाहीतर बिघाड कळणार नाही. सगळ्यात खाली तळपेशींची एक रांग, उभ्या विटांसारखी, निळसर गर्द. तिथे नव्या पेशी जन्मतात आणि वर सरकताना रुंद, चपट्या होत जातात. वरच्या बाजूला दाणेदार थर, आणि सगळ्यांत वर केंद्रक नसलेल्या मेलेल्या पेशींची जाळीदार साय. तळाच्या रांगेत साधारण दर दहा पेशींमागे एक रंगपेशी, म्हणजे मेलानोसाइट, सुटी सुटी बसलेली असते. गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो त्यांनी बनवलेल्या रंगकणांच्या आकारात आणि वाटपात.

म्हणजे निरोगी त्वचेत दोन नियम पाळलेले दिसतात: वर जाताना पेशी प्रौढ होत जाते, आणि प्रत्येक पेशी आपली जागा सोडत नाही.

मग कर्करोगाची सुरुवात नेमकी कशी ओळखू येते?

हे दोन नियम मोडलेले दिसतात तेव्हा. एखादी वेडीवाकडी पेशी बघून कर्करोग म्हणत नाहीत. चिडलेल्या, खाजवलेल्या त्वचेतही अशा पेशी सापडतात. बघायची असते ती रचना, आणि तीही आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली, लांबून.

*अॅक्टिनिक केराटोसिस.* वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या कपाळावर, टकलावर, कानाच्या पाळीवर खरखरीत चट्टा. स्लाइडवर तळाच्या पेशी दाटीवाटीने, कमीजास्त आकाराच्या, वरच्या मात्र ठीक. साय केंद्रकांसकट साचलेली, त्यामुळे गडद गुलाबी. पण केसांची छिद्रं जिथे उघडतात तिथल्या पेशी बहुधा शाबूत असतात आणि तिथली साय निळसर जाळीदारच राहते. त्यामुळे वरच्या कडेला गुलाबी-निळे-गुलाबी असे आलटून पालटून पट्टे दिसतात. हे एकदा पाहिलं की विसरत नाही. खाली उन्हाने जळलेले लवचीक तंतू राखाडी-निळ्या लगद्यासारखे. अशा चट्ट्यांपैकी थोडेच पुढे कर्करोग होतात, पण कोणता होईल हे सांगता येत नाही.

*बोवेनचा आजार.* जॉन टेम्पलटन बोवेन यांनी १९१२ साली वर्णन केलेला. इथे बाह्यत्वचेच्या अख्ख्या जाडीत बिघाड असतो. खालून वर प्रौढ होत जाण्याची शिस्तच नाही, वावटळ शिरून गेल्यासारख्या पेशी विस्कटलेल्या, आणि विभाजन होत असलेल्या पेशी अगदी वरच्या थरातही. विभाजनाची जागा तळाशी, ती वर दिसली की सावध व्हायचं. पण तळपेशींच्या रांगेखालचा पातळ पडदा अजून फुटलेला नाही. म्हणून याला ‘इन सिटू’, जागच्या जागी असलेला कर्करोग म्हणतात, आणि या टप्प्यावर पूर्ण काढला तर माणूस बरा होतो. पडदा फोडून पेशींची बोटं खाली उतरली की तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

*बेसल सेल कार्सिनोमा.* गर्द निळ्या पेशींचे पुंजके, आणि प्रत्येक पुंजक्याच्या कडेच्या पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीने उभ्या. पुंजका आणि भोवतीची ऊती यांत एक रिकामी फट. हे तिन्ही एकत्र असले तर शंका उरत नाही.

*मेलानोमा, पडद्याच्या आतला.* अवघड परीक्षा इथेच. सुट्या बसायच्या त्या रंगपेशी तळाच्या रांगेत एकमेकींना चिकटून सलग पट्टा करतात. काही जागा सोडून वरच्या थरात, पार सायीपर्यंत विखुरतात. त्यांचे पुंजके लहानमोठे, वेडेवाकडे, असमान अंतरावर असतात. साधा तीळ कडेला नीट संपतो, हा कडेला सुट्या पेशींनी विरत जातो. डावी बाजू उजवीशी जुळत नाही. साध्या तिळातल्या पेशी खोल जाताना लहान होत जातात, आत उतरलेल्या मेलानोमातल्या खालीही तेवढ्याच मोठ्या राहतात. आता लक्षात येईल की ३ मिलिमीटरच्या पंचमध्ये कड आणि जुळणी दोन्ही का दिसत नाही.

रिपोर्टमध्ये ‘डिसप्लास्टिक नेव्हस’ आलं आहे. हा कर्करोग का?

नाही. तिळाची रचना थोडी बिघडली आहे: पुंजके शेजारच्या उंचवट्यांना पूल बांधल्यासारखे जोडतात, त्यांच्याभोवती तंतूंचे थर बसतात, आणि वरचा भाग खालच्यापेक्षा बाजूंना पसरलेला असतो. सौम्य बिघाड आणि कडा मोकळ्या असतील तर बहुधा फक्त लक्ष ठेवतात. तीव्र बिघाड असेल तर पुन्हा थोडं रुंद काढतात. अंगावर असे तीळ अनेक असतील किंवा घरात कुणाला मेलानोमा झाला असेल तर नियमित तपासणी हवीच.

आमचा वर्ण सावळा. आम्हाला त्वचेचा कर्करोग कुठे होतो?

होतो, कमी प्रमाणात. पण उन्हाच्या जागा सोडून भलत्या ठिकाणी होतो, म्हणून उशिरा कळतो. आपल्याकडचा मेलानोमा बऱ्याचदा तळवा, टाच आणि नखाखाली असतो. तळव्यावरच्या रेषा भिंगातून शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या दिसतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत असतो, सुरुवातीच्या मेलानोमाचा वरंब्यावर. इथे एक फसगत होते: मेंदीचा आणि केसांच्या कलपाचा रंगही वरंब्यांवरच बसतो. सणाच्या आठवड्यात तळव्याची तपासणी असेल तर हे सांगा.

अनेक नखांवर फिकट काळे पट्टे आपल्या वर्णात सर्रास असतात. एकाच नखावर नवा पट्टा, ३ मिलिमीटरहून रुंद, वाढत चाललेला, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरलेला असेल तर थांबू नका. ‘ठेच लागली असेल’ म्हणून यात वर्ष-वर्ष जातं, आणि ते वर्ष फार महाग पडतं. ठेचेचं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, मुळाशी स्वच्छ नख येतं. पट्टा मुळापासून तसाच राहतो.

आईच्या कमरेवर नाड्याचा काळा पट्टा आहे, आता तिथे चीर पडली आहे. याचा कर्करोगाशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि त्याचा अभ्यास मुंबईतच सुरू झाला. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली धोतर घट्ट बांधणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन केलं. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतली एक परकर न घालता लुगडं कमरेला घट्ट बांधणारी होती.

घर्षण, घाम आणि दाब यांनी त्वचा आधी काळी पडते, मग सोलते, चिरते, भरते, पुन्हा चिरते. काळा पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, बहुतेक जणींना तो कधीच होत नाही. पण महिना-दीड महिना न भरलेली चीर, कडक होत चाललेली कड, दुर्गंधी किंवा रक्त असेल तर कडेची बायोप्सी करून घ्या. नाडा रुंद पट्टीचा करावा, गाठीची जागा रोज बदलावी, घरी सैल गाऊन किंवा सलवार घालावी. जुन्या भाजल्याच्या वणातही असाच कर्करोग होतो, कधी भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनी.

‘स्यूडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लेसिया’ असा रिपोर्ट आहे. म्हणजे काय?

जुनाट दाहामुळे बाह्यत्वचा इतकी माजते की तिची बोटं खाली उतरून हुबेहूब स्क्वॅमस कर्करोगासारखी दिसतात. त्वचेचा क्षयरोग आणि काटा लागून होणारी खोल बुरशी, क्रोमोब्लास्टोमायकोसिस, ही त्याची आपल्याकडची कारणं. या बुरशीच्या तपकिरी गोल पेशी, नाण्यांच्या चळतीसारख्या, शोधल्या तरच सापडतात. चूक दोन्हीकडून होते: बुरशीच्या माणसाचा पाय कापायची वेळ येते, किंवा खऱ्या कर्करोगाला दाह म्हणून मलम चालू राहतं. तुकडा खोल आणि पुरेसा मोठा हवा, आणि शंका असेल तर त्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये न घालता निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरला पाठवावा. क्षयरोग वर्षानुवर्षं तसाच राहिला तर त्या चट्ट्यात खरा कर्करोगही होऊ शकतो, हे विसरू नये.

विशेष रंगांचा, ‘आयएचसी’चा खर्च गरजेचा आहे का?

आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, ठरावीक जातीच्या पेशींनाच रंग देणारी तपासणी. ती नेहमी लागत नाही. पण रंगपेशींच्या शंकेत बऱ्याचदा हो. एस-१००, सॉक्स-१०, मेलान-ए हे मार्कर रंगपेशी दाखवतात, बेर-ईपी-४ बेसल सेलसाठी, केआय-६७ विभाजनासाठी. यांतला एकही मार्कर एकटा ‘कर्करोग आहे’ असं सांगत नाही. सावळ्या त्वचेत एक बारकावा आहे: या तपासणीचा नेहमीचा तपकिरी रंग मेलानिनच्या, म्हणजे त्वचेतल्या रंगकणांच्या, तपकिरीत मिसळून जातो. म्हणून लाल रंगाचा क्रोमोजेन, म्हणजे रंग देणारं रसायन, मागावा, किंवा गर्द काळ्या गाठीत आधी मेलानिन विरंजन करून घ्यावं.

‘ब्रेस्लो ०.७ मिमी’ याचा अर्थ काय?

अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली मांडलेलं माप, आजही मेलानोमाबद्दलचा सर्वांत उपयोगी आकडा. दाणेदार थराच्या माथ्यापासून सर्वांत खोल कर्करोगपेशीपर्यंतचं अंतर. त्यावरची साय मोजायची नाही. तळव्यावर ती खूप जाड असते, चुकून धरली तर आकडा फुगतो. सध्याच्या वर्गवारीत ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी आणि व्रण नसलेला मेलानोमा सर्वांत सुरुवातीचा, टी-१-ए. इन सिटू असेल तर भोवतीची साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर त्वचा काढतात, एक मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर एक सेंटिमीटर, दोनच्या पुढे दोन सेंटिमीटर. ०.८ च्या पुढे किंवा व्रण असेल तर जवळच्या लसिकाग्रंथीच्या तपासणीचा विचार होतो. मेलानोमाच्या रिपोर्टमध्ये हा आकडा आणि व्रण आहे की नाही हे लिहिलेलं नसेल तर तो अपुरा आहे, परत विचारा.

‘मार्जिन मोकळं’, म्हणजे कापलेल्या कडेला कर्करोगपेशी नाहीत, असं लिहिलं आहे. म्हणजे सगळं निघालं ना?

बहुतेक वेळा. पण नेहमीच्या पद्धतीत तुकड्याचे पावाच्या कापांसारखे काप करतात आणि त्यांतल्या काहींची एकेक पातळ चकती बघतात. संपूर्ण कडेचा अगदी थोडा भाग नजरेखालून जातो. म्हणून नाक, पापणी, कान इथल्या बेसल सेलसाठी शक्य असेल तिथे मोज शस्त्रक्रिया करतात, त्यात सगळी कड त्याच दिवशी तपासतात.

बायोप्सीने कर्करोग पसरतो म्हणतात.

त्वचेच्या बायोप्सीमुळे माणूस लवकर दगावतो असा पुरावा नाही. या भीतीने महिने वाया जातात, आणि पसरायला रोगाला वेळ मिळतो तो तेव्हा.

पार्लरमध्ये तीळ जाळून घेतला. आता तो परत आला आहे.

परत उगवलेल्या तिळातल्या रंगपेशी जखमेच्या वणावर सैरावैरा पसरतात आणि स्लाइडवर थेट मेलानोमाची नक्कल करतात. आधी जाळल्याचं कागदावर लिहिलेलं नसेल तर चुकीचं निदान होऊ शकतं. उलट, तो मुळातच मेलानोमा असेल तर पहिला तुकडा धुरात गेला आणि त्याची जाडी आता कधीच मोजता येणार नाही. काळा तीळ लेझरने किंवा काड्या लावून काढू नये असं आम्ही कळकळीने सांगतो ते यासाठी.

दोन पॅथॉलॉजिस्टांची मतं वेगळी आली. कुणाचं खरं?

रंगपेशींच्या मधल्या प्रकारांत हे होतं. अमेरिकेतल्या १८७ पॅथॉलॉजिस्टांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. साध्या तिळांबाबत त्यांचं मत तज्ज्ञांच्या मताशी ९२ टक्के वेळा जुळलं, मधल्या प्रकारांत २५ ते ४३ टक्केच. म्हणून शंकास्पद रिपोर्टवर त्वचेच्या स्लाइड रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्या. त्यासाठी नुसता रिपोर्टचा फोटो पाठवून भागत नाही. मूळ स्लाइड, मेणाचा ब्लॉक, रिपोर्ट आणि डागाचा बायोप्सीआधीचा फोटो असं सगळं द्या. ब्लॉक लॅबमधून सही करून मिळतो, तो परत मागून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक चाचणीसाठी तोच लागतो. नेताना डब्यात घालून सावलीत ठेवा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मेण वितळतं.